टोन आहे, पण नंबर लागत नाही

सोमवार, ता. ३

छत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात लाईनमन होतो आणि छत्तीस वर्षं रोज संध्याकाळी दोष-वही लिहिली. कुठला नंबर बंद, कधी बंद पडला, काय केलं, कधी चालू झाला. निवृत्त झाल्यावर लिहायला दोषच उरले नाहीत, स्वतःचे सोडून, म्हणून वही थांबली. आता परक्या देशात बारा-तेरा दिवस काढायचे आहेत आणि बोलायला माणूस फारसं नाही, तर पुन्हा सुरू करतो.

आम्ही तिघं आलोय. मी, सूनबाई आणि माझी नऊ महिन्यांची नात, जिला घरात सगळे बोचकं म्हणतात कारण ते कुठेही ठेवलं तरी तसंच बसून राहतं. सूनबाई घड्याळं दुरुस्त करते. मनगटावरची नव्हे, मनोऱ्यावरची. आजवर दुसऱ्यांच्या हाताखाली केलं, हे पहिलं काम तिच्या एकटीच्या नावावर. इथल्या मनोऱ्यावरचं घड्याळ वेळ दाखवतं, पण अकरा वर्षं त्याने ठोके दिलेले नाहीत. त्याचे पाच विश्वस्त पाच गावांत राहतात. १४ तारखेला, शुक्रवारी दुपारी, ते पाचही जण व्हिडिओवर बसणार आणि घड्याळ बाराचे बारा ठोके देतं का ते बघणार. दिले, तर यंत्र राहील आणि त्याची कायमची देखभाल सूनबाईकडे. नाही दिले, किंवा त्यांना दिसलं नाही, तर सोमवारी विजेची मोटार बसवणारे येणार आणि ते दोन माणसांच्या उंचीचं यंत्र भंगारात जाणार.

चिरंजीवांना रजा नाही, म्हणून बोचक्याला सांभाळायला मी. निघण्याआधी सूनबाई फोनवर तिच्या आईला सांगत होती, "नाही गं, बाबाच हवेत." दुसरं कोणी मिळालं नसणार.

आणखी एक जबाबदारी माझ्याकडे आहे, ती जास्त मानाची. नेट माझ्या फोनवर आहे. सूनबाईचा फोन जुना, त्यात ई-सिम चालत नाही. माझा चिरंजीवांनी दिलेला, नवा कोरा. ई-सिम म्हणजे सिम म्हणे, पण हातात धरायला काही नाही. ठिपक्यांचं एक चौकोनी चित्र फोनला दाखवायचं की सिम आत शिरतं. तांब्याची तार बोटांत धरल्याशिवाय मी आयुष्यात कुणाला बोलतं केलेलं नाही, त्यामुळे विश्वास बसेना. पण विमानतळावर उतरलो आणि नेट आलं.

मंगळवार, ता. ४

खोली दुसऱ्या मजल्यावर. एक खिडकी रस्त्यावर, एक मनोऱ्याकडे. खाली घरमालकीण राहते. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला येत नाही, दोघांचं उत्तम जमतं. तिच्याकडे वायफाय नाही. मेजावर एक जुना टेलिफोन आहे, त्यावर विणलेला रुमाल घातलाय. फोनवर रुमाल म्हणजे फोन मेलेला.

समोर रस्त्यापलीकडे पाळणाघर आहे. सकाळपासून पोरांचा गलका चालू असतो. बाहेर पाटी, पाटीवर बाळाचं चित्र, नवी मुलं घेतात असं दिसतंय. सूनबाईच्या लक्षात आलेलं नाही वाटतं. मी काही बोललो नाही. बोलून बसलो आणि तिने बोचकं तिकडे ठेवलं, तर मी काय करू?

बुधवार, ता. ५

आज मनोऱ्यावर गेलो. चौऱ्याऐंशी पायऱ्या, पोटाशी बोचकं बांधलेलं. वर पोचल्यावर आधी मीच घड्याळासारखा ठोके देत होतो. यंत्र बघून मात्र दम विसरलो. एवढी मोठी दातेरी चाकं, आणि हात लावला तर लोण्यासारखी फिरतात. सूनबाई वंगणात कोपरापर्यंत माखलेली. एरवी घरी माझ्याशी चार शब्द बोलते, तिथे मला अर्धा तास समजावत होती की झिजलं काय आणि उरलं काय.

तिला रोज दुपारी लॅपटॉपवरून विश्वस्तांना दिवसाचा अहवाल पाठवायचा असतो. मनोऱ्यात नेट कुठलं! मग माझ्या फोनवर हॉटस्पॉट लावला. म्हणजे माझ्या फोनातलं नेट हवेतून तिच्या लॅपटॉपला. तार नाही, खांब नाही. अहवाल दोन मिनिटांत गेला. "बाबा, तुम्ही आहात म्हणून बरं," असं ती म्हणाली. सभ्यपणा आहे तिच्यात.

फोनमध्ये बोचक्याचे व्हिडिओ फार झालेत. संध्याकाळी सूनबाईने लॅपटॉपवर एक फोल्डर करून दिलं, बोचकं नावाचं. रोज केबल लावून त्यात टाकायचे म्हणजे फोन हलका होतो. शिवाय त्या फोल्डरात टाकलं की चिरंजीवांना तिकडे घरबसल्या दिसतात म्हणे. कसे दिसतात कोण जाणे. आज एकवीस टाकले.

गुरुवार, ता. ६

दोष. दुपारी पावणेदोन वाजता हॉटस्पॉट लावला. पंधरा मिनिटं ठीक. अहवाल अर्ध्यावर असताना नेट गेलं. फोनच्या कोपऱ्यात दांड्या चारच्या चार, पण काही उघडत नाही. आमच्या भाषेत टोन आहे, पण नंबर लागत नाही. हॉटस्पॉट बंद केला, तरी फोनवर नेट नाही ते नाहीच. रात्री झोपेपर्यंत नाही.

लॅपटॉपवर एक बारीक चक्र गोल गोल फिरत होतं. शोभेचं असावं.

शुक्रवार, ता. ७

सकाळी सव्वादहाला नेट परत. त्याआधी फोन तीनदा बंद-चालू केला होता. तिसऱ्या खेपेला गुण आला.

दुपारी हॉटस्पॉट लावल्यावर वीस मिनिटांत पुन्हा तेच.

मन उदास झालं म्हणून घरमालकिणीच्या टेलिफोनवरचा रुमाल उचलला. तिने हातवारे करून सांगितलं, वर्षभर बंद आहे. मी बाहेर गेलो. आमच्या धंद्यातला पहिला नियम असा की दोष दिसला की त्याचे दोन तुकडे करायचे. घरात की खांबावर? बाहेरच्या पेटीत टोन तपासला, ठणठणीत. म्हणजे दोष घरात. मग घरातल्या तारेचे दोन तुकडे, पुढचा ठीक, मागचा मेलेला. कपाट सरकवलं तर त्याच्या पायाखाली तार चेपून तुटलेली. दुसरा नियम, एका वेळी एकच बदल करायचा आणि तो लिहायचा. अर्ध्या तासात फोन वाजला. तिने बहिणीला लावला असावा. पहिली पाच मिनिटं नुसती रडत होती, मग तासभर भांडली. मला केक मिळाला. आत्मविश्वास दुणावला.

शनिवार, ता. ८

नेट सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी आलं. आज फोन खिडकीत ठेवला होता, मनोऱ्याच्या दिशेने तोंड करून. त्याचा परिणाम दिसतोय.

दुपारी हॉटस्पॉट. अठरा मिनिटांत गेलं. सूनबाईने लॅपटॉप मिटला आणि पाना उचलला. तिने दोन शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी चौदा व्हिडिओ टाकले. तेवढंच एक काम माझ्याकडून धड होतंय.

रविवार, ता. ९

सुट्टी. नदीकाठी गेलो. फोनवर दिवसभर नेट, एकदाही गेलं नाही. त्यालाही मोकळी हवा मानवली म्हणायची. बोचकं पहिल्यांदा आधार न घेता उभं राहिलं, पाच सेकंद. ते सगळं टिपलंय, लांबलचक. संध्याकाळी सव्वीस व्हिडिओ टाकले.

सोमवार, ता. १०

लिहवत नाही.

दुपारी दोनला अध्यक्षबाईंबरोबर रंगीत तालीम होती. पाच विश्वस्तांतल्या त्या मुख्य, वय ऐंशीच्या पुढे, बोलणं तोडून टाकल्यासारखं. सूनबाईने हातोड्याला घोंगडी बांधली होती, म्हणजे ठोके खाली गावात जायला नकोत. यंत्र चालू झालं, हातोडा उचलला गेला, आणि अध्यक्षबाई पडद्यावर तोंड उघडून गोठल्या. हॉटस्पॉट लावून दहा मिनिटंही झाली नव्हती.

माझं धाबं दणाणलं. मी फोनच्या सेटिंगमध्ये शिरलो. हे बंद केलं, ते चालू केलं, तिसरं होतं तसं केलं की उलटं केलं ते आठवत नाही. नेटवर्क बदललं, परत आणलं. मग मनात आलं की सिम काढून पुन्हा घालावं. आयुष्यभर हेच केलंय. कनेक्शन ओढून काढायचं, पुसायचं, परत बसवायचं, निम्मे दोष तिथेच मिटतात. फोनने विचारलं, हे ई-सिम काढून टाकायचं? मी म्हटलं, हो. त्याने पुन्हा विचारलं, नक्की? मी म्हटलं, अरे हो.

मग परत घालायला गेलो. ठिपक्यांचं चित्र दाखवलं. फोन म्हणाला, हे एकदा वापरून झालंय.

आता दांड्याही नाहीत. सूनबाईला सांगितलं तेव्हा ती खाली पायरीवर बसली. म्हणाली, "काढून टाकलंत? म्हणजे पूर्ण?" मी मान हलवली. ती म्हणाली, "ठीक आहे, बाबा." ठीक काहीही नव्हतं. चार दिवस राहिलेत. घड्याळ तिने उभं केलं आणि मी फोन बुडवला. आणायला नको होतं मला.

मंगळवार, ता. ११

सकाळी खाली जाऊन घरमालकिणीच्या टेलिफोनकडे बोट दाखवलं. तिने रुमाल उचलला, खुर्ची ओढली आणि पाणी आणून ठेवलं. चिरंजीवांना फोन लावला. कबुलीजबाब दिला. ते म्हणाले, "बाबा, ते ओढून परत बसवायचं नसतं हो. ती तार नाही. एकदा काढलं की गेलं. थांबा, मी कंपनीला लिहितो, नवा कोड मागवतो. मेल हिच्याकडे येईल." बाप म्हणून इतकं लहान कधी वाटलं नव्हतं. फोन ठेवता ठेवता म्हणाले, "आणि नदीवरचे व्हिडिओ अर्धेच आलेत. बोचकं उभं राहतं तिथेच अडकलंय." मला राग आला. इथे घर जळतंय आणि ह्याला व्हिडिओ हवेत.

नवं सिम आत घ्यायलाही नेट लागतं. कोपऱ्यावर कपडे धुण्याचं दुकान आहे, तिथे वायफाय आहे. सूनबाई लॅपटॉप आणि आपला फोन दोन्ही वर ठेवून तासाभरासाठी खाली आली. कोडचं चित्र माझ्याच फोनवर उघडून माझ्याच फोनला कसं दाखवणार? दुकानवालीने आमची तारांबळ बघितली आणि गल्ल्यावरचा आपला पडदा आमच्याकडे वळवून दिला. सूनबाईने त्यावर मेल उघडला, मी फोन धरला, बोचक्याने दुकानवालीचं नाक धरलं. सिम शिरलं. दांड्या आल्या, नेट आलं. जीव भांड्यात पडला.

दुपारी हॉटस्पॉट लावला. बावीस मिनिटांत नेट गेलं.

म्हणजे दोष सिममध्ये नव्हताच. मी काढलं ते फुकट काढलं. सूनबाई हात पुसत म्हणाली, "बाबा, त्या फोनचं कसं केलंत तुम्ही? कपाटाखालच्या?" मी म्हटलं, "ती तार होती गं. तिचे दोन तुकडे करता येतात." ती म्हणाली, "मग ह्याचेही करा." आणि यंत्राकडे वळली. ती चिडलीये हे स्पष्ट आहे.

बुधवार, ता. १२

हे सावकाश लिहितो, कारण आज मी शहाणा झालो आणि त्याची तारीख नोंदलेली असावी.

सकाळी बोचकं झोपल्यावर ही वही पहिल्या पानापासून वाचली. वाचता वाचता कान गरम व्हायला लागले. नियम मोठ्या ऐटीत लिहिलेत, पाळला एकही नाही. घरमालकिणीच्या फोनसाठी दोन तुकडे, स्वतःच्या फोनसाठी चार दिवस खिडकी, हवा आणि नशीब!

मग पेन्सिल घेऊन बसलो. नेट गेलं ते दर वेळी हॉटस्पॉट लावल्यावर. आलं ते दर वेळी सकाळी दहा वाजून गेल्यावर. तीनदा बंद-चालू केल्याने नाही, खिडकीने नाही. मी काहीही केलं किंवा केलं नाही तरी दहा वाजले की येतं. म्हणजे पलीकडे कुणीतरी ते रोज देतं, आणि इकडे कुणीतरी ते संपवतं.

दोन दिवस चांगले गेले. रविवार, तर हॉटस्पॉट लावलाच नव्हता. आणि पहिला बुधवार. बुधवारी हॉटस्पॉट होता, तरीही नेट टिकलं. मग बुधवारी काय नव्हतं? फोन तोच, लॅपटॉप तोच, मनोरा तोच. बोचकं तेच. तासभर त्या पानाकडे बघत बसलो. बुधवारी संध्याकाळी काय केलं ते तिथेच लिहिलेलं, माझ्याच अक्षरात. एकवीस टाकले.

आणि मग चिरंजीवांचं वाक्य आठवलं. अर्धेच आलेत. अरे, अर्धे आले म्हणजे वाटेत तार तुटली. आणि वाट कुठली? माझ्याच फोनातून!

नोकरीत असताना एका डॉक्टरांच्या घरी तीन दिवस फोन एंगेज होता. खांबावर मी चढलो, पेटी मी बदलली, डॉक्टर माझ्यावर ओरडले. शेवटी वरच्या मजल्यावर त्याच लाईनवरचा दुसरा फोन सापडला, धुवायच्या कपड्यांच्या ढिगाखाली, रिसीव्हर उचललेला. इथेही तेच. हॉटस्पॉट लावला की लॅपटॉपला वाटतं घरचं वायफाय आलं. तो फोल्डर उघडतो आणि बोचक्याचे व्हिडिओ गपागप घरी पाठवायला लागतो. ते फिरणारं चक्र शोभेचं नव्हतं. रिसीव्हर मीच उचलून ठेवला होता, आठवडाभर, रोज संध्याकाळी, प्रेमाने.

खाली जाऊन चिरंजीवांना फोन केला आणि सिमच्या अटी वाचायला सांगितल्या. बारीक अक्षरांत होतं. रोज ठरलेला वाटा मिळतो, तो संपला की वेग इतका कमी करतात की नसल्यासारखाच. आणि कंपनीचा नवा दिवस त्यांच्याकडच्या वेळेने सुरू होतो, म्हणजे इथे सकाळी दहाला.

मग चौऱ्याऐंशी पायऱ्या चढलो. वाटेत थांबलो नाही, पण सांगायची भीती वाटत होती हे खरं. सूनबाईला म्हटलं, "दोष सापडला. मी आहे."

तिने सगळं ऐकलं, लॅपटॉप उघडला आणि त्या चक्रावर बोट टेकलं. यादी आली. एकोणचाळीस व्हिडिओ अजून जायचे बाकी. ती यादी खाली खाली सरकवत गेली. "हे सगळं बोचकं?" आणि मग हसायला लागली. इतकी हसली की यंत्राला टेकून उभी राहिली. इथे आल्यापासून तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं. म्हणाली, "बाबा, फोल्डर तसं मीच लावलं होतं. निम्मा दोष माझा."

मी म्हटलं, "दोष-वहीत निम्म्याचा रकाना नसतो."

"मग नवीन आखा," ती म्हणाली.

गुरुवार, ता. १३

नियमाप्रमाणे.

११.०० फोन एकटा. चालतो.
११.३० हॉटस्पॉट चालू, लॅपटॉप जोडला, फोल्डरचं पाठवणं बंद. फक्त हा एक बदल.
१२.३० चालू.
१.३० चालू. सूनबाई आणि चिरंजीव व्हिडिओवर बोलले. मी पाठ करून उभा होतो, पण कान काय बंद करता येतात? "सांगितलं होतं ना तुला," असं ती त्याला म्हणत होती. काय सांगितलं होतं ते कळलं नाही.
२.३० चालू. आजच्या वाट्यातला तिसरा हिस्साही संपला नाही.

जाड भिंतींमुळे वर नेट कमी-जास्त होतं, म्हणून जागाही शोधली. तबकडीच्या मागे एक लहान झडप आहे, शिडीच्या सहाव्या पायरीवर उभं राहून फोन तिथे धरला की दांड्या हलत नाहीत. सूनबाई म्हणाली, "अर्धा तास हात वर धरून उभे राहाल?" मी म्हटलं, छत्तीस वर्षं दुसरं काय केलं?

शुक्रवार, ता. १४

दुपारचे तीन. हात अजून आखडलेला आहे, अक्षर सांभाळून घ्यावं.

बोचकं घरमालकिणीकडे ठेवलं. ती स्वतःच येऊन घेऊन गेली. साडेअकराला मी शिडीवर चढलो. खाली सूनबाई, स्वच्छ सदरा घातलेली, नखांत मात्र वंगण तसंच. लॅपटॉप एका खोक्यावर, यंत्राकडे तोंड करून. पावणेबाराला पडद्यावर एकेक चौकोन उघडला. पाच जण. सूनबाईने हातोड्याची घोंगडी सोडली आणि घडी करून बाजूला ठेवली.

बाराला सहा मिनिटं असताना ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा. अध्यक्षबाई गोठल्या."

सोमवार जसाच्या तसा समोर उभा राहिला. अंगठा आपोआप सेटिंगकडे गेला, देवाशपथ सांगतो. फोन जरा हलवावा, नेटवर्क बदलावं, हॉटस्पॉट बंद करून परत लावावा, सगळं एका क्षणात मनात आलं. आणि अंगठा मी उचलून घेतला.

विचारलं, "बाकीचे चौघं हलतायत?"

ती म्हणाली, "हो. एकजण चहा पितोय."

"मग खांब ठीक आहे. दोष त्यांच्या घरात. मी काहीही हलवत नाही. तू त्या चौघांना सांग, बाईंना टेलिफोन करा म्हणावं."

तिने माझ्याकडे वर बघितलं. एकदाच. मग वळून त्यांच्या भाषेत शांतपणे सांगितलं. मी तिथे हात वर करून उभा, नुसता श्वास घेत. सहा मिनिटांतली चार गेली. काहीही न करणं इतकं अवघड असतं हे मला चौसष्टाव्या वर्षी कळलं.

एक मिनिट उरलं असताना सूनबाई म्हणाली, "आल्या." त्यांच्या घरी कुणीतरी सफाई करताना वायफायचा प्लग काढला होता. अध्यक्षबाई त्या माणसाला झाडतच पडद्यावर आल्या.

मग बारा वाजले.

आधी यंत्रात खटका पडला, साखळी सुटली, मोठं चाक फिरायला लागलं. हातोडा मागे गेला आणि पडला. शिडी पायाखाली थरथरली. अकरा वर्षांनी पहिला ठोका, घोंगडीशिवाय, पूर्ण. झडपेतून मला खालचा चौक दिसत होता. दुसऱ्या ठोक्याला माणसं थांबली. तिसऱ्याला सायकलवाला उतरला. पाचव्याला कोपऱ्यावरची दुकानवाली ओले कपडे हातात घेऊन बाहेर आली. आमच्या खिडकीत घरमालकीण, तिच्या कडेवर बोचकं, दोघी वर बघतायत. सातव्या-आठव्याला मला दिसेनासं झालं. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, वाहू दिले.

अकरा. बारा. आणि थांबलं, अगदी बारावर.

लॅपटॉपवर कुणी बोलेना. मला वाटलं, गेलं नेट. फोनकडे बघितलं, दांड्या चार. खाली बघितलं तर अध्यक्षबाई बोटं मोजत होत्या. बाराच झाले याची खात्री करून घेतली आणि काहीतरी एवढंसं बोलल्या. सूनबाई खोक्याशेजारी मटकन बसली.

"काय म्हणाल्या?" मी वरून विचारलं.

"मोटारवाल्यांना येऊ नका म्हणून कळवा, असं म्हणाल्या." आणि मग रडत-हसत, "बाबा, उतरा आता. झालं. हात खाली घ्या."

हात खाली येईना. तिने शिडीवर चढून माझ्या बोटांतून फोन सोडवला. तिच्या नखांतलं वंगण मलाही लागलं. आज इतका आनंद झालाय की वहीत कुठल्या रकान्यात लिहावा कळत नाही.

शनिवार, ता. १५

उद्या निघायचं. सकाळी सूनबाई म्हणाली, वर एकदा चला, एक काम राहिलंय.

यंत्राच्या कपाटाला आतून लाकडी दार आहे. त्यावर नावं कोरलेली. ह्या घड्याळाला ज्यांनी ज्यांनी हात लावला त्यांची, शंभराहून जास्त वर्षांची. काम पुरं झालं की कोरायचं, अर्धवट सोडलं तर नाही, असा ह्यांच्या धंद्यातला रिवाज आहे. तिने आपलं नाव कोरलं, तारीख घातली. मी बोचक्याला दाखवत उभा होतो.

मग तिने कोरणी पुढे केली. "आता तुमचं."

मी म्हटलं, "वेडी का काय, मी घड्याळाला हात लावला नाही. मी आलो बोचकं सांभाळायला."

ती कोरणी तशीच धरून होती. म्हणाली, "पाळणाघर समोरच होतं, बाबा. मी इथे येण्याआधीच बघून ठेवलं होतं. जागाही होती."

निघण्याआधीचं वाक्य आठवलं, फोनवर तिच्या आईला सांगितलेलं. बाबाच हवेत.

"मला इथे वर पहिल्यांदाच एकटीने उभं राहायचं होतं," ती म्हणाली. "उंचीवर काम करताना खालून कुणी घाई करणार नाही, असं एकच माणूस मला माहीत होतं."

छत्तीस वर्षांत किती खांबांवर चढलो त्याचा हिशेब नाही. एकावरही नाव नाही. ते खांबही आता उपटून नेले. कोरणी घेतली. लाकूड कठीण आहे, वेळ लागला. तिच्या नावाखाली माझं नाव, आणि त्यापुढे जरा मोठ्या अक्षरात, लाईनमन.

तेवढ्यात अकरा वाजले. बोचकं दचकलं नाही, मोजत असल्यासारखं बघत राहिलं. व्हिडिओ काढला. एकच. घरी पोचल्यावर पाठवीन.